गाळपट्टी

पत्राला उत्तर न देणं हा माझा स्वभाव नाही. दिवाळीच्या शुभेच्छापत्रालासुद्धा मी चार ओळी लिहितो आणि त्यातली एखादी ओळ आगाऊ तर झाली नाही ना, म्हणून पुढे आठवडाभर झुरतो. तरीही शहात्तर सालच्या आषाढात आलेल्या एका आंतरदेशीय पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ते माझ्या टेबलावर शब्दकोशाखाली दाबून ठेवलेलं होतं. कोश चांगला जाडजूड, पण पत्राची निळी कड बाहेर दिसत राहायची.

पत्र शिराळा तालुक्यातल्या उंबरओढे गावाहून आलं होतं. मजकूर चंद्राबाई खबाले यांचा, अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी, ठसठशीत.

‘साहेबास्नी नमस्कार. भिंतीवरच्या कागदावर तुमचा पत्ता हाय म्हणून लिवते. मालक पलटणीत असत्यात, रान मी आन् दीर मिळून बघतो. आमच्या ओढ्याच्या कडंला पंधरा हात रुंद गवत हाय. सासूनं राखलं, मी बी राखते. त्याच्या खालच्या अंगाला झरा हाय. सगळी खालची आळी त्याचं पानी पिती. आता तुमची गाळपट्टी आली. दीर म्हणत्यात गवत दिसलं की पट्टी बसंल, त्यापरीस नांगर घालून ऊस लावू. मी म्हणलं, नागाची जागा हाय, पंचमी हुईस्तोवर नांगर धरायचा न्हाई. तेवढं त्यांनी ऐकलं. पंचमीच्या दुसऱ्या दिशी धरणार. गेल्या साली शेजाऱ्यानं त्याची कड नांगरली तवा सल्फेट खत आन् उकिरडा समदा त्याच्या झऱ्यात उतरला, दोन लेकरं इस्लामपूरला दवाखान्यात न्यावी लागली. तर साहेब, ही पट्टी आमी द्यायची हाय का आमाला मिळायची, तेवढं एक कळवा.’

एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर दोन शब्दांत देता आलं असतं. पण मला ते देता येईना, कारण गाळपट्टी हा शब्द माझा होता.

झालं होतं ते असं. नाथाजी हा माझा जुना विद्यार्थी. शाळेत व्याकरणात कच्चा होता, म्हणून की काय, सरकारी नोकरीत झपाट्याने वर गेला. नद्या-ओढ्यांचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून निघालेल्या एका नव्या योजनेचं साताऱ्यातलं कार्यालय त्याच्याकडे होतं. वरून आलेलं परिपत्रक इंग्रजीत, आणि ते शेतकऱ्यांसाठी मराठीत करायचं होतं. निवृत्त मराठी शिक्षक, शब्दांचा नाद, शिवाय नाही म्हणता न येणारा, असा माणूस त्याला माझ्यात सापडला.

योजना खरोखर चांगली होती. ओढ्याकाठी पेरणी करायची नाही, पंधरा फूट रुंदीचं गवत वाढू द्यायचं. पावसात वाहून येणारं खत आणि शेण त्या गवतात अडतं, पाणी गाळून ओढ्यात उतरतं. जो शेतकरी असं गवत राखील त्याला सरकार दर गुंठ्याला वर्षाचे पंधरा रुपये देणार होतं. इंग्रजी मजकुरात त्या गवताला ‘फिल्टर स्ट्रिप’ म्हटलं होतं.

मी अकरा दिवस त्यावर घालवले. ‘जलशोधक तृणावली’ हा माझा पहिला शब्द. तो ऐकून नाथाजी म्हणाला, “सर, छान आहे, पण भिंतीवर कागद लागणार आणि वर नाव रंगवायचंय. आमचा पेंटर अक्षरावर दर लावतो.” मग मी तृण काढलं, जल काढलं, आणि बाराव्या दिवशी ‘गाळपट्टी’ हाताला लागला. गाळणारी पट्टी. चार अक्षरं, सगळी मराठी, संस्कृतचा लवलेश नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपल्याला काहीतरी जमलं. त्याच भरात मी पुढचा मजकूरही लिहून टाकला:

‘गाळपट्टी योजना. ओढ्याकाठच्या सर्व शेतकऱ्यांस लागू. आकारणी दर गुंठ्यास वार्षिक पंधरा रुपये. त्वरा करा.’

आकारणी म्हणजे हिशेब, असं माझ्या मनात होतं. लागू म्हणजे, काहीच मनात नव्हतं, सरकारी वाक्याला तो शब्द शोभतो म्हणून घातला. नाथाजी खूष झाला. माझ्या सहा वह्यांत साठलेल्या शासकीय शब्दावलीची छपाईसाठी शिफारस करीन, असंही म्हणाला. ‘अधिक माहितीसाठी’ या ओळीखाली त्याने माझ्या घराचा पत्ता घातला, वर ‘माहिती कक्ष’ असं लिहून. माझं नाव घातलं नाही. कार्यालयाचा पत्ता घातला तर येणाऱ्या प्रत्येक पत्राला आवक क्रमांक द्यावा लागतो, हे त्याचं कारण. अशा रीतीने शनिवार पेठेतली माझी पुढची खोली सरकारचा माहिती कक्ष झाली आणि तीन महिन्यांत तिथे एकच पत्र आलं. ते चंद्राबाईंचं.

ते वाचलं तेव्हा मी पहिल्यांदा तो मजकूर शेतकऱ्याच्या डोळ्यांनी वाचला. घरपट्टी, पाणीपट्टी, आणि त्यांच्या खाली मी लिहिलेली गाळपट्टी. सर्वांस लागू. आकारणी पंधरा रुपये. त्वरा करा.

मी उत्तराला बसलो. पहिला खर्डा चार पानांचा झाला, त्यात ‘पट्टी’ शब्दाची व्युत्पत्तीच दीड पान होती. दुसऱ्यात लिहिलं, ‘सदर रक्कम देय आहे.’ वाचून पाहिलं तर देय म्हणजे कुणी कुणाला द्यायची तेच कळेना. तिसऱ्यात लिहिलं, ‘ही पट्टी घेण्याची आहे.’ तेही सरकारने घेण्याची असंच वाटू लागलं. तीस वर्षं मुलांना कर्ता, कर्म शिकवलं, आणि आता एका बाईला पैसे कोण कुणाला देणार हे मला धड लिहिता येत नव्हतं. खरं कारण वेगळं होतं. प्रत्येक खर्ड्याच्या शेवटी सही करायची वेळ आली की माझा हात थांबायचा.

शेवटी नाथाजीकडे गेलो. कार्यालयाच्या दारात गटाराच्या कडेने नमुन्याची गाळपट्टी केली होती. दहा फूट गवत, भोवती चुना फासलेल्या विटा आणि पाटी. शिपाई मुठीने गवतावर पांढरे दाणे फेकत होता.

“काय टाकताय?” मी विचारलं.

“युरिया. मोठं सायेब येनार हायेत. हिरवं दिसाया पायजे.”

निम्मे दाणे गटारात पडत होते.

आत नाथाजी प्रसन्न होता. “या सर! योजना उत्तम चाललीय. दोन जिल्ह्यांत मिळून तक्रार एकही नाही.”

“आणि अर्ज?”

“अर्जही नाही. म्हणजे बघा, पाणी घाण करणारा शेतकरीच आपल्याकडे नाही. तसा अहवाल वर पाठवला. वरून अभिनंदन आलंय.”

मी चंद्राबाईंचं पत्र पुढे केलं. त्याने ते वाचलं आणि दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवलं.

“हे कार्यालयाला आलेलं नाही सर, तुम्हाला आलंय. म्हणजे याची आवक नाही. जिथं आवक नाही तिथं जावक कशी करणार?”

“पण नाथाजी, शब्द चुकला. लोकांना तो कर वाटतोय.”

“शब्द तुमचा होता तोवर चुकला असता. आता तो मंजूर आहे. मंजूर शब्द चुकत नसतो.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “शुद्धिपत्रक काढायचं तर फाईल मुंबईला जाणार. परत यायला दोन पंचम्या जातील. आणि तिथं पहिला प्रश्न येणार, हा शब्द केला कोणी? तुमच्या शब्दावलीची शिफारस त्याच फाईलमध्ये आहे, सर.”

मी उठलो. जिना उतरताना जे वाईट वाटत होतं ते झऱ्याचं नव्हतं, शब्दावलीचं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण तसं होतं.

पंचमी चार दिवसांवर आली तेव्हा मी स्वतःच उंबरओढ्याला जायचं ठरवलं. यात धाडस काही नव्हतं. समोर जाऊन तोंडी सांगितलं की सही करावी लागत नाही, एवढाच विचार होता.

इस्लामपूरला गाडी बदलली. शिराळ्याची एसटी पंचमीच्या माणसांनी भरलेली. माझ्या मागच्या बाकावर दोघे जण बोलत होते.

“नांगारलं का रं?”

“कवाच! पार पान्यापतोर. गवताची एक काडी ठिवली न्हाई. येऊ दे आता त्या पट्टीवाल्याला. म्हनावं, मोज काय मोजायचं ते.”

“आमच्या आबानं तर ओढाच बुजवाया काढलाय. म्हनतोय ओढा न्हाई तर काठ कुठला, आन् काठ न्हाई तर पट्टी कुठली?”

“लय डोक्याचा गड्या तुजा आबा.”

“व्हय, पन पानी फिरून आमच्याच घरात शिरलं की.”

“मग भर आता पानीपट्टी!”

सगळी गाडी हसली. त्यातला एक पुढे वाकून मला म्हणाला, “काय वो पावनं, तुमच्याकडं आली का गाळपट्टी?”

“आली.”

“किती बसली?”

“अजून नीट कळलं नाही,” मी म्हणालो. एवढं खरं वाक्य त्या प्रवासात मी दुसरं बोललो नाही.

उंबरओढ्याच्या फाट्यावर उतरलो. तो काळ असा होता की सरकारी माणूस दिसला की गावातले गडी उसात शिरत. त्याचं कारण पट्टी नव्हतं, नसबंदी होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझा चष्मा, छत्री आणि काखेतली वही पाहून कुणीतरी आरोळी ठोकली, “पट्टीवाला आला रंऽऽ!” बघता बघता रस्ता मोकळा झाला. खाली ओढ्यावर गोधड्या धुणाऱ्या बायकांनी ओल्या गोधड्या उचलल्या आणि काठच्या गवतावर पसरून टाकल्या. एकीने तर वर बसकण मारली.

गावात एकच माणूस जागचा हलला नव्हता. किराणा दुकानाच्या दारात लाल डबा टांगलेला आणि आत मौलाभाई. दुकान आणि गावचं पोस्ट दोन्ही त्यांच्याकडे. त्यांनी मला खालीवर न्याहाळलं.

“शनवार पेठ, सातारा?”

मी मान हलवली.

“पत्र मीच लिवलंवतं चंद्राबाईचं. म्हनलं टपालानं जबाब येतोय का काय, तर तुमी सोताच आला. या.”

ते मला आधी ओढ्यावर घेऊन गेले. गोधड्या बाजूला झाल्या. वरून, उसातून येणारं पाणी गढूळ, तांबूस होतं, त्यावर फेस होता. ते गवतात शिरत होतं आणि दिसेनासं होत होतं. गवत कमरेइतकं, दाट. खालच्या बाजूला वाळूत खणलेला झरा होता आणि त्यातलं पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत. ज्या गोष्टीला मी अकरा दिवस नाव शोधत होतो ती मी प्रथमच पाहत होतो.

“याला तुम्ही काय म्हणता?” मी गोधडीवरून उठलेल्या बाईंना विचारलं. त्याच चंद्राबाई. पंचेचाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, नजर सरळ.

“काय म्हननार? कड म्हनतो. गवताची कड.”

दोन अक्षरं. पेंटरने निम्म्यात केलं असतं.

घरी चहा झाला. दीर हंबीरराव सोप्यात बसले होते. नांगराचा फाळ नुकताच लोहाराकडून शेवटून, धार लावून आणलेला, भिंतीला टेकवून ठेवला होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो की गैरसमज झालेला आहे, पट्टी म्हणजे कर नव्हे, पट्टी म्हणजे लांबट तुकडा, जखमेवर बांधतो तसा.

“मग ‘आकारनी’ कशाची?” हंबीरराव म्हणाले.

“आकारणी म्हणजे... हिशेब.”

“आन् ‘लागू’?”

मी कपातला उरलेला चहा प्यायलो.

“लागू म्हंजे कुत्रं लागू हुतं तसं का?” हंबीरराव मौलाभाईंकडे वळले. “मौला, घरपट्टी ऐकली, पानीपट्टी ऐकली. आजपतोर कुठली पट्टी सरकारनं आपल्याला दिल्याली ऐकलीस का रं?”

“शाळंत छडी चुकली की पट्टी मिळायची,” मौलाभाई म्हणाले. “तेवढीच.”

“तीन शबुद, तिन्ही वसुलीचं. कोन हाय तो लिवनारा? समोर आला तर त्याला या फाळालाच जुपतो.”

चंद्राबाई हसल्या नाहीत. त्या माझ्या उजव्या हाताकडे बघत होत्या. मधल्या बोटाला शाईचा डाग होता, खर्डे लिहून लिहून पडलेला.

“तुमीच का वो, मास्तर?” त्यांनी विचारलं.

मास्तर हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, “मीच.”

हंबीररावांनी तंबाखूची चंची माझ्याकडे सरकवली. मी तंबाखू खात नाही, पण हातात धरून ठेवली.

“वयनी, हे म्हनत्यात ते खरं असंल बी,” ते म्हणाले. “पन उद्या खरंच पट्टीवाला आला तर मी त्याला काय दावू? एक मास्तर आलं हुतं, च्या पिऊन गेलं, असं सांगू? भिंतीवर छापील हाय. ह्यांचं तोंडी हाय.”

“मग कागदावर द्या मास्तर,” चंद्राबाई म्हणाल्या.

“कागदावर दिलं तरी काय? वर सरकारचा कागद, खाली ह्यांचा. कुनाचा खरा धरायचा?”

“भिंतीवरच्या कागदावर कुना मानसाचं नाव हाय का, भावजी? न्हाई. ह्यांच्या कागदावर असंल. नाव घालून खोटं लिवायला लय छाती लागती, ती काय ह्यांच्याकडं दिसत न्हाई.”

इतक्या नेमक्या शब्दांत माझ्याविषयी आजवर कुणी बोललं नव्हतं. मी वही उघडली.

लिहिताना हंबीरराव माझ्या खांद्यावरून वाचत होते. मी लिहिलं, ‘आपणांस अनुदान मिळेल.’

“अनुदान खोडा. त्यात दान हाय. दान आमी घेत न्हाई.”

‘मदत’ लिहिलं. “आमी काय म्हामारीत सापडलोय व्हय?” मदत खोडली. ‘मोबदला’ लिहिलं. त्यावर त्यांनी विचार केला. “मोबदला तलावात जमीन गेल्यावर देत्यात. आमची कुटं गेली?” शेवटी ते म्हणाले, “पैसे म्हना की. पैशाला पैसे म्हनायला तुमास्नी काय हुतंय?”

काहीच होत नव्हतं. उगीच तीस वर्षं मी तसं म्हटलं नव्हतं. असा तो कागद झाला:

‘चंद्राबाई व हंबीरराव खबाले, उंबरओढे, यांस. तुमच्या ओढ्याची गवताची कड आहे तशी राखा. तिथे नांगर घालू नका. ती राखल्याबद्दल सरकार तुम्हाला दर साल पैसे देणार आहे. तुमच्याकडून एक पैसासुद्धा घेणार नाही. भिंतीवर गाळपट्टी हा शब्द आहे तो मी केला. तो चुकला आहे.’

“आन् सरकारनं पैसे न्हाई दिले तर?” हंबीररावांनी विचारलं.

मला नाथाजी आठवला, आवक आठवली, सहा वह्या आठवल्या. सरकार देईलच असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नव्हतं. “तर माझ्या घरी या,” मी म्हणालो. “अर्जाचा कागद मी धाडतो, आणि कार्यालय तो घेईपर्यंत त्याच्या दारात मी बसतो. पत्ता खाली लिहितोय.” खाली मी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं आणि आडनावासकट, आणि सही केली. माहिती कक्ष असं लिहिलं नाही.

कागद मी चंद्राबाईंच्या हातात देऊ लागलो. त्यांनी हात मागे घेतला.

“असा नगं. हाताला हात दिल्याला कागद उद्या आळीत कोन मानंल? म्हनतील मौलाकडनं लिवून घेतला. टपालानं येऊ द्या. शिक्का पायजे.”

“बरूबर हाय,” हंबीरराव म्हणाले. “शिक्क्याचा कागद माझ्या हातात पडला तर मी बैलं त्या अंगाला वळवत न्हाई. पंचमीनंतर बी न्हाई. हे मौलासमोर सांगतो.”

आम्ही चौघे दुकानाकडे गेलो. मौलाभाईंनी मला आंतरदेशीय पत्र विकलं, मी मजकूर त्यावर उतरवला, कडा थुंकी लावून चिकटवल्या. शिक्का त्यांच्या समोरच फळीवर होता, शाईची गादी उघडी होती.

“मारा की आता,” मी म्हणालो.

“न्हाई जमायचं, मास्तर.” मौलाभाई गादीचं झाकण लावत म्हणाले. “डब्यातनं आल्याबिगर मी शिक्का मारत न्हाई. डबा तीनला उघडतो.”

अडीच वाजले होते. हंबीरराव पायरीवर बसले आणि त्यांनी तंबाखू मळायला घेतली. चंद्राबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. डबा माझ्यापासून दोन पावलांवर होता आणि त्याच्या फटीत मी पत्र अर्धं सरकवून थांबलो, कारण ‘चुकला आहे’ऐवजी ‘चुकला असावा’ लिहायला हवं होतं की काय, असं मला वाटलं.

“सोडा की वो आता,” चंद्राबाई म्हणाल्या.

मी पत्र सोडलं.